जिन्यावर काढलेली आकृती

घरी शिकवण्या घेणाऱ्या माणसाला एक कसब न शिकता येतं. तो उलटं लिहू लागतो. टेबल लहान असतं, विद्यार्थी समोर बसलेला असतो, वही त्याच्याकडे तोंड करून ठेवलेली असते. दर वेळी ती आपल्याकडे फिरवायची, लिहायचं आणि परत त्याच्याकडे फिरवायची, यात वेळ जातो आणि पोराचं लक्षही जातं. म्हणून पलीकडे बसूनच, त्याला सुलट दिसेल असं आपण लिहायला लागतो. पहिल्या वर्षी अक्षर बालवाडीतल्या मुलासारखं येतं. पाचसहा वर्षांत हात वळतो. मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो आहे. पेशी, फूल, मूत्रपिंड, हृदय, सगळं मी पलीकडून काढलेलं आहे. सुलट लिहायची वेळ वाणसामानाच्या यादीपुरती.

आमच्या शहरात डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास मोठाले आहेत. चौकाचौकात त्यांच्या पाट्या, पाट्यांवर पोरांची हसरी तोंडं. शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या नव्यानं रंगल्या, तोंडं तीच राहिली. माझ्या घरावर पाटी नाही. माझ्याकडे येतात ती तिथून गळालेली मुलं, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. दोनशे जणांत हात वर करून प्रश्न विचारायची ज्यांना लाज वाटते, अशी. ती फार हळू बोलतात. अठराएकोणीस वर्षांच्या मुलांच्या चेहऱ्यावर मी जो थकवा पाहिला आहे तो माझ्या वयाच्या माणसांनाही क्वचितच येतो. त्यांच्यासोबत बसून बसून तो थोडा माझ्यातही उतरला असावा.

घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि ताई. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनंच मला पाचोडहून इथं आणलं, स्वतःच्या क्वार्टरमध्ये ठेवलं, एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. लग्न दोघांचंही राहून गेलं आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. निवृत्त झाल्यावर तिची एक जागा ठरून गेली. बाहेरच्या खोलीत माझी शिकवणी चालायची, आणि मधल्या दाराच्या पडद्यामागे ती खुर्ची टाकून मेथी निवडत, तांदूळ पाखडत ऐकत बसायची. नुसती ऐकायची नाही.

एकदा बोलण्याच्या भरात इन्सुलिन यकृतातून येतं असं मी सांगून बसलो. पडद्यामागून लगेच आवाज आला, "अगं बाई! म्हणजे तीस वर्षं मी भलत्याच पेशंटांना सुया टोचल्या की काय?"

पोरं हसली. एक म्हणाला, "सर, तुमचा पेपर बाहेर चाललाय आणि निकाल आतून लागायलाय."

"नापास करत नाही मी त्याला," ताई म्हणाली, "ग्रेस देऊन पुढं ढकलते."

स्वादुपिंड, मी दुरुस्त केलं. असं महिन्यातून एकदोनदा व्हायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट त्यामुळे मी जरा निर्धास्त झालो होतो. चुकलं तर आतून कळेल, हे धरूनच मी बोलत असे.

बिडकीनहून एक मुलगी माझ्याकडे येत होती. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायची आणि मी चहा पिऊन कप खाली ठेवतो तोवर दारात उभी असायची. तिसरी वेळ होती तिची. वडील तिकडच्याच एका कंपनीत पाळीनं काम करायचे, बोलके, चेष्टेखोर. वर्षाच्या सुरुवातीला तिला घेऊन आले तेव्हाच त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

"सर, तीन वेळा म्हणजे लई झालं. यंदा शेवटचं. धाकटी पुढच्या साली बारावीला येतीय, मग तिच्याकडं बघायचंय. सरकारी कॉलेजात डॉक्टरकीला लागली तर लागली. नाय तर जे मिळंल ते घ्यायचं आन् पुढं चालायचं. ही कबूल हाय."

मुलगी मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. पडद्यामागून ताईनं विचारलं, "ती कबूल आहे, का तिला कबूल करून आणलंय?"

वडील दचकले. मग हसून म्हणाले, "ह्या कोन? हेडमास्तरीण बाई व्हय?"

तेव्हापासून ते ताईला हेडमास्तरीण बाईच म्हणत.

मुलगी हुशार होती. पण एक गोष्ट तिच्या हातून निसटायची, ती म्हणजे डावं-उजवं. आकृतीतलं हृदय समोर उभ्या माणसाच्या छातीतलं असतं, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. हे तिला समजत नव्हतं असं नाही. समजायचं, आणि पेपरात घाई झाली की फिरायचं. "सर, मला ह्ये डावं-उजवं लई चुकतंय," असं ती दर चाचणीनंतर म्हणायची. आमचं ठरलं होतं, हृदय अगदी शेवटी घ्यायचं, परीक्षेच्या आधीच्या दहाबारा दिवसांत, म्हणजे ताजं राहील.

तीच वेळ ताईच्या जाण्याची निघाली. साधा ताप म्हणून सुरू झालं, छातीत कफ भरला, सात दिवस दवाखाना. तिथंही ती नर्सच राहिली. "सलाईन हळू सोड ग, मी काय पळून चालले का," असं एका नवशिक्या पोरीला म्हणाली, ते तिचं मी ऐकलेलं शेवटचं लांब वाक्य. आठव्या दिवशी सकाळी ती गेली. परीक्षेला सोळा दिवस राहिले होते. हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. नंतर मोजलं.

घर माणसांनी भरलं. पाचोडहून आत्या आली, भाऊबंद आले, ताईच्या जुन्या मैत्रिणी आल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. बाहेरच्या खोलीतलं माझं टेबल उचलून व्हरांड्यात नेलं आणि त्यावर पाण्याचे माठ मांडले. खोलीभर सतरंज्या. कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीपुढे ताईचा फोटो आणि मेणबत्ती. आमच्यात दिवसकार्याऐवजी जलदानविधी असतो, तो पाचव्या दिवशी ठरला. मी एका भिंतीला टेकून बसायचो. कुणी आलं की उठायचो, हात जोडायचो, परत बसायचो.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी वडिलांबरोबर आली. वडील दारातच थबकले. त्यांच्याकडे तेरा दिवस सुतक पाळतात. अशा घरी बसायचं, डोळ्यांनी बोलायचं आणि उठायचं, चहाही घ्यायचा नाही, अशी त्यांची पद्धत. त्यांनी मुलीला दप्तर आणू नको म्हणून बजावलं होतं हे मला नंतर कळलं. तिनं ते आणलं होतं आणि ओढणीखाली धरून बसली होती.

आत्या ऐंशीची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "व्हय रं," ती मला म्हणाली, "ही पोरगी कोन?"

"माझ्याकडे शिकते, आत्या. परीक्षा आहे तिची."

"कवा?"

मुलगीच बोलली. "दोन आठवडे राहिलेत बघा, आजी. रविवारी हाय."

"आन् मग बसलीस काय अशी? काढ वही."

वडील घाईनं म्हणाले, "नाय नाय, आजी. सरांवर असा प्रसंग. आम्ही फक्त भेटायला आलो. अशा घरात पुस्तक कसं..."

"अशा घरात म्हंजी?" आत्यानं डोळे बारीक केले. "आमच्यात अभ्यासाला कसला इटाळ? मेलीय ती माझ्या भावाची लेक. तिनं ह्याला शिकवायला हयात घातली. आता तिच्याच नावानं ह्यो शिकवायचं थांबवतो का? ऊठ रं तू. जा, पोरीला काय सांगायचं ते सांग. आन् तुम्ही, पाव्हणं, चहा घ्या. आमच्यात चालतो."

ते चहा पिऊ लागले. मी उठलो. खरं सांगायचं तर मला उठायचं नव्हतं. पण त्या दिवसांत मला कुणी ऊठ म्हटलं की मी उठत होतो आणि बस म्हटलं की बसत होतो.

बसायला जागा नव्हती. आम्ही गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसलो, एका पायरीवर, शेजारी शेजारी. तिनं वही मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सर, फक्त हृदय. बाकीचं मी करते."

मी तिच्या वहीत हृदय काढलं. चार कप्पे, मोठ्या वाहिन्या, झडपा, सगळं. काढताना मी बोलतही होतो. वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधली झडप एका बाजूला दोन पाळ्यांची असते, दुसऱ्या बाजूला तीन पाळ्यांची. दोनवाली डावीकडे, तीनवाली उजवीकडे. परीक्षेत यावर हमखास विचारतात. मी बाण काढले, नावं लिहिली. तिनं विचारलं, "पक्कं ना सर?" मी म्हणालो, "पक्कं." खालून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. मग ती वही मिटून खाली गेली.

जलदानविधी झाला. माणसं आपापल्या गावी गेली, आत्या सर्वांत शेवटी. टेबल आत आलं. मुलगी आणखी चारपाच वेळा आली, इतर विषयांची उजळणी झाली. मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की बोलताना मी मधेच थांबायचो आणि पडद्याकडे बघायचो, आणि ती मुलगी माझं बघून होईपर्यंत पेन न हलवता थांबायची.

परीक्षेच्या दिवशी वडिलांनी मला केंद्रावर बोलावलं. "हेडमास्तरीण बाई म्हणाल्या व्हत्या, त्या सोडायला येणार म्हणून. आता तुम्ही तरी या, सर." ताई असं म्हणाली होती हे मला ठाऊक नव्हतं.

फाटकावर मुलामुलींच्या रांगा. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मुलींच्या कानांतलं, केसांतलं, मनगटावरचा काळा दोरा, सगळं काढायला लावत होते. तिनं तो दोरा दातांनी तोडून आईसाठी म्हणून वडिलांच्या मुठीत दिला, दप्तर माझ्याकडे दिलं आणि आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. दीड वाजता फाटक बंद झालं.

समोर एक रसवंती होती. तिच्या ताडपत्रीखाली आम्ही बाकावर बसलो. वडिलांनी धपाटे काढले, एक मला दिला.

"सर, यंदा वेगळंय. गेल्या साली आत जाताना रडली व्हती. आज बघितलं का तुम्ही? ताठ गेली. तिच्या आईला म्हणलं, यंदा पोरगी पार हुती बघ."

मला हातात काही वाचायला नसलं की चैन पडत नाही. बोलता बोलता मी तिच्या दप्तरातली जीवशास्त्राची वही काढली आणि चाळू लागलो. शेवटच्या पानांत जिन्यावर काढलेलं हृदय सापडलं. आधी वाटलं, हे माझं अक्षर नाही. इतकं सरळ माझं अक्षर मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मग मी आकृती वाचू लागलो.

नावं उलट बाजूंना होती. जिथं 'डावं' लिहायला हवं तिथं 'उजवं' होतं. दोन पाळ्यांची झडप उजव्या बाजूला गेली होती, तीन पाळ्यांची डाव्या. मी दोनदा पाहिलं. मग काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं. सत्तावीस वर्षं मी समोर बसून हृदय काढलं, त्यामुळे हृदयाची डावी बाजू माझ्याही डाव्या हाताला यायची. हाताला तेवढंच माहीत होतं. त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो होतो. आकृती सुलट आली आणि नावं हातानं सवयीनं त्याच जागी टाकली. मी तोंडानं बरोबर बोललो आणि कागदावर चूक लिहिलं. जिला नेमकं हेच चुकायचं, तिला मीच चुकीचं लिहून दिलं आणि 'पक्कं' म्हणालो. त्या दिवशी ताई पडद्यामागे नव्हती.

आत ती बसली होती. आमच्यामध्ये एक फाटक, दोन पोलीस आणि एक लांब भिंत. अजून साडेतीन तास.

"काय बघताय सर? चांगलं लिहिलंय का?" वडिलांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. आकृती दिसू नये म्हणून वही मिटली.

ते बोलत राहिले. धाकटीची परीक्षा, कंपनीतला नवा साहेब, बिडकीनला होऊ घातलेला रस्ता. मी हो-हो म्हणत होतो. एक प्रश्न, चार गुण. चुकलं तर आणखी एक जातो. पाच. कदाचित प्रश्न आलाच नसेल. कदाचित तिनं पुस्तकातलं लक्षात ठेवलं असेल. कदाचित नसेल. हेच पुन्हा पुन्हा. मधे रसवाल्यानं विचारलं, "काका, बर्फ टाकू का?" तर मी त्याला 'डावीकडे' म्हणालो. वडील खो खो हसले.

पाच वाजता फाटक उघडलं. ती बाहेर आली तेव्हा वडील रस सांगायला गेले होते. मी तिला गाठलं.

"हृदयावर प्रश्न आला होता?"

तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. तिला कळलं.

"आला व्हता, सर. झडपांचाच."

"काय भरलंस?"

"सोडला."

"म्हणजे?"

"कोराच ठेवला." ती हळू बोलत होती, रांगेत असल्यासारखी. "त्या दिवशी घरी जाऊन मी पुस्तक बघितलं, सर. पुस्तकात उलटं व्हतं. मग मला वाटलं, पुस्तकात पण चुकतं की. तुम्हीच म्हणला व्हता, त्या गाईडमधी नावं चुकली व्हती तवा. छापलंय म्हणून खरं धरू नको, मला विचार, असं."

"मग विचारलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी आले व्हते ना विचारायला. तुम्ही ताईंच्या साड्यांच्या घड्या घालत बसला व्हता. नंतर पण विचारायचा धीर झाला नाय." ती थांबली. "मग आत दोन्ही चित्रं डोळ्यापुढं यायली व्हती. एक पुस्तकाचं, एक तुमचं. कुनाला खोटं पाडू? म्हणून सोडला."

वडील तीन ग्लास घेऊन आले. "काय गं माय, सुटला का पेपर?"

"सुटला," ती म्हणाली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. नंतर निकालाच्या वेळी बोलू, मग यादीच्या वेळी बोलू, असं करत पावसाळा गेला. निकाल चांगला आला, पण काठावरचा. आमच्याकडे प्रवेशाच्या फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत वरच्यांना जागा मिळतात, मग उरलेल्या जागांसाठी दुसरी, तिसरी. दर फेरीत यादी थोडी खाली सरकते आणि काठावरची मुलं ती आपल्यापर्यंत येते का बघत बसतात. तिच्या वडिलांचे फोन यायचे. "सर, अजून सात गुण खाली यायला पायजे." मग "सर, पाच राहिले." मी घरात एकटा. फोन ठेवला की भांडं घासायचो, नाही तर आधी घासलेलंच परत घासायचो.

शेवटची यादी तिच्या वर तीन गुणांवर थांबली.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. आयुर्वेदाच्या कॉलेजांचा अर्ज भरायची मुदत सुरू होती आणि पसंतीक्रम लावायला त्यांना माझी मदत हवी होती. वडील खुर्चीत बसले. मी चहा ठेवला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जिना, आकृती, उलटी नावं, फाटकाबाहेर मिटलेली वही. मुलीनं मधेच "सर, असू द्या" म्हटलं, पण मी थांबलो नाही.

वडिलांनी खुर्चीच्या हातावर बोटं मोजली.

"चार गुण," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आन् कमी पडले तीन."

"हो."

ते मुलीकडे वळले. "तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मे महिन्यापासून?"

"व्हय."

"आन् तू मला... बरं." त्यांनी गुडघ्यावर हात घासले. मला वाटलं, आता ते मला बोलतील. त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "सर, मी शेवटचं म्हणलो व्हतो, पण त्यात तुमची चूक धरली नव्हती. मग ह्ये साल मोजायचं नाय. माय, तू अजून एकदा बस. धाकटीचं बघू कसंतरी."

मी लगेच म्हणालो, "मी रोज घेईन. सकाळ-संध्याकाळ. बिडकीनला येईन लागलं तर."

"ऐकलं का? सर घरी येतो म्हणायलेत."

"पहिल्या दिवसापासून हृदयच घेऊ."

"भौतिकशास्त्राला पण कुनीतरी बघू."

"बाबा," मुलगी म्हणाली.

आम्ही थांबलो नाही. कुठला महिना, किती तास, कोणती खोली, धाकटीबरोबरच बसवावं का. दोन म्हाताऱ्यांचं चाललं होतं, आणि मला किती महिन्यांनी अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं.

"बाबा! सर!" ती मोठ्यानं म्हणाली. तिचा एवढा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. "तुम्ही दोघं बसा परीक्षेला. सर जीवशास्त्र करतील, तुम्ही फिजिक्स करा. मी डबा घेऊन फाटकावर थांबते."

वडिलांच्या तोंडून हसू निसटलं. मग ते दाबून म्हणाले, "चेष्टा नको करू, माय. तुझ्यासाठीच चाललंय."

"मी नाय बसणार परत." ती शांतपणे बोलत होती. "माझे एकोणतीस प्रश्न चुकले, सर. मी मोजलेत. ते मला येत नव्हते, नाय तर घाई झाली. एक सोडला तो तुमचा. तुम्ही सगळं तुमच्याच अंगावर घेऊन बसताय. एकोणतीस माझे हायत. ते मला असू द्या."

मी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"तीन वर्षं मी कुठं गेले की लोक एकच विचारतात," ती वडिलांना म्हणाली. "लग्नात, बाजारात, एसटीत कंडक्टर पण. औंदा किती पडले? मावशीच्या सासूला काय करायचंय माझे किती पडले त्याचं? मला आता कुठं तरी जाऊन शिकायला लागायचंय. आयुर्वेद तर आयुर्वेद. साडेचार वर्षं आन् एक वर्ष दवाखाना. मी मोजलंय."

"मनापासून म्हणतीस?" वडिलांनी विचारलं.

"व्हय."

"का आमच्यासाठी?"

"तुमच्यासाठी असतं तर बसले असते की परत."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग मी उठून कॉम्प्युटर लावला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

कॉलेजांची यादी लांब होती. मी एकेक नाव वाचू लागलो, आधी इथली, मग जवळच्या जिल्ह्यांतली. वडील प्रत्येक नावाला एसटीचे तास सांगत होते. फुलंब्रीचा त्यांचा चुलतभाऊ जळगावला आहे, तिथं जेवणाची सोय होईल, असंही म्हणाले. मुलीनं माझ्या हातातून माऊस घेतला, यादी खाली सरकवत नेली आणि कोकणातलं एक कॉलेज पहिल्या जागेवर टाकलं.

"एवढ्या लांब?" वडील पुढं झुकले. "तिथं आपलं कोन हाय?"

"कोनी नाय," ती म्हणाली. "म्हणून तर."

"मासे खातात तिकडं रोज."

"खाईन."

दुसऱ्या जागेवर तिनं तिकडचंच आणखी एक टाकलं, तिसऱ्यावर विदर्भातलं. वडील तास मोजायचे थांबले. मी नावं वाचायचं थांबलो. आता ती स्वतःच वाचत होती, स्वतःच क्रमांक देत होती. जवळचं, बिडकीनहून रोज येऊन-जाऊन करता आलं असतं असं कॉलेज तिनं सर्वांत शेवटी ठेवलं. मग वरपासून खालपर्यंत एकदा सावकाश पाहिलं, एक क्रम बदलला आणि परत होता तसा केला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विचारलं गेलं, पसंतीक्रम कायम करायचा का, नंतर बदलता येणार नाही. तिनं आमच्यापैकी कुणाकडेही न बघता हो म्हटलं.